बिदाई अटकणार नाही अशी कोरी डीव्हीडी कशी निवडायची

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरी माहेरी येतात, दुपारी खापरावरची पुरणपोळी अन् आमरस हाणून सगळे पंख्याखाली आडवे होतात, अन् मग कोणीतरी म्हणतंच, ए तुझ्या लग्नाची सीडी लाव ना गं. हळद लागते, मांडव दिसतो, वरातीत नाचणारे मामा दिसतात, सगळे हसून हसून दमतात, आणि बिदाई सुरू झाली की चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो आणि प्लेअर कुरकुर करत अटकून बसतो.

मी अमळनेरला लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो, आणि २०१२ च्या आखाजीनंतर माझ्याकडे अशा डीव्हीडी परत यायला लागल्या. एक मावशी तर पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवून म्हणाल्या, "भाऊ, मनी पोरनी बिदाईच दिखत नही." मी आधी प्लेअरवर ढकललं, मग केबलवर ढकललं, पण चौथी डिस्क आली तेव्हा कळलं की सगळ्या एकाच डब्यातल्या आहेत, आदल्या सीझनला एका डिस्कमागे दोन-तीन रुपये वाचतात म्हणून घेतलेल्या पन्नासच्या डब्यातल्या. आणि सगळ्या अटकतात त्याही एकाच जागी, शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत. हे सगळ्यांचंच बिदाईलाच का व्हावं, हा प्रश्न डोक्यात घुसला आणि तिथूनच मी कोरी डिस्क नीट बघून घ्यायला शिकलो. तर ज्यांना आज पहिल्यांदा डिस्क राइट मारायची आहे (वकिलाकडे पुरावा द्यायचाय, जुन्या व्हीएचएस कॅसेटी उतरवायच्यात, भजनी मंडळाच्या गाडीतल्या जुन्या टेपसाठी एमपीथ्री सीडी पाहिजे, काहीही) त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

आधी बिदाईचं कोडं

डिस्क राइट होते ती आतून बाहेर. मधल्या भोकाजवळून सुरुवात होते आणि शेवट येतो बाहेरच्या कडेला. लग्नात शेवटी काय असतं? बिदाई. म्हणजे बिदाई कायम कडेला जाऊन बसते. आता कारखान्यात कोऱ्या डिस्कवर रंग कसा लावतात ते ऐका, डिस्क गरगर फिरवतात आणि मधल्या भागात पातळ रंग सोडतात, तो फिरण्याच्या जोराने कडेपर्यंत पसरतो, याच रंगात पुढे लेझर आपला डेटा भाजतं. चांगल्या कारखान्यात तो कडेपर्यंत सारखा बसतो, भंगार मालात कडेला कुठे पातळ कुठे जाड. त्यात अजून भर म्हणजे १६ एक्सला (एक्स म्हणजे राइट मारायच्या वेगाचं माप) राइट मारलं तर ड्राइव्ह आत साधारण ६ एक्सने सुरू होतं आणि पूर्ण १६ चा वेग पकडतं फक्त अगदी कडेला. म्हणजे रंग सगळ्यात वाईट जिथे, वेग सगळ्यात जास्त तिथे. मग चौकोन नाही होणार तर काय होणार भो.

हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या गोष्टी आपोआप कळतात.

पहिलं ठरवा, पाहिजे काय

दुकानात जाऊन नुसतं "सीडी द्या" म्हणू नका, कारण आपल्याकडे सगळ्यालाच सीडी म्हणतात. सीडी आर मध्ये ७०० एमबी म्हणजे ८० मिनिटांची ऑडिओ बसते. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, पण कॉम्प्युटरला ती ४.३८ च दिसते, दुकानदाराने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, कंपनी हजारने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने, एवढंच. डबल लेयर ८.५ जीबीची असते, महाग असते, आणि नवख्याने तिच्या नादी लागू नये असं माझं मत, दोन साध्या डिस्क बऱ्या. ब्लू-रे २५ आणि ५० जीबीच्या, त्याला ड्राइव्ह वेगळं लागतं.

डीव्हीडीच्या दोन जाती येतात, प्लस आर अन् मायनस आर, त्यातली कुठली घ्यायची यावर पूर्वी आमच्या लाइनीत पोरं तासतास वाद घालायची. आजच्या ड्राइव्हला दोन्ही चालतात. पार जुना, पहिल्या पिढीतला प्लेअर असेल तर मायनस आर घ्या, नाहीतर जी चांगली मिळेल ती घ्या आणि पुढे चला.

नावाच्या शेवटी आरडब्ल्यू लिहिलेली डिस्क पुसून पुन्हा वापरता येते, म्हणून लोकांना वाटतं ती जास्त भारी. तसं नाही. ती ट्रायलला ठेवा, मेनू बरोबर आला का, आवाज मागे-पुढे होतो का ते बघायला. जपून ठेवायची वस्तू तिच्यावर नको, आणि पुराव्याला तर अजिबात नको, जी पुसता येते ती कोर्टात कशाला घेऊन जाता.

दुकानात: नाव वाचू नका, कारखाना शोधा

ही मेन गोष्ट आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. डब्यावर ज्या कंपनीचं नाव आहे तिनेच ती डिस्क बनवली असेल असं नाही. बऱ्याच कंपन्या दुसऱ्याच्या कारखान्यातून माल घेऊन आपला छाप मारतात. जपानची ताइयो युडेन ही आमच्या धंद्यातली सगळ्यात नावाजलेली कंपनी, सीडी आर मुळात जन्माला घालण्यात तिचा हात होता, तिने २०१५ संपता संपता हा धंदाच बंद केला. व्हर्बेटिम मित्सुबिशी केमिकलकडे होती, ती २०१९ ला तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सने विकत घ्यायचं ठरलं. आपल्या देशात नोएडाची मोझर बेअर होती, घराघरात तिच्या डिस्क होत्या, ती २०१८ ला दिवाळखोरीत निघाली. पॅनासोनिकने २०२३ ला आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ ला कोऱ्या ब्लू-रे बनवणं थांबवलं. म्हणजे काका-मामांनी "अमुक कंपनीचीच घे" म्हणून सांगितलेलं नाव आज डब्यावर असलं तरी आतला माल तोच असेल याची खात्री नाही. आणि बंद पडलेल्या कारखान्याचा माल अजून कुठे दिसला तर तो जुना स्टॉक आहे हे समजून घ्या. कोरी डिस्कसुद्धा म्हातारी होते, राइट केलेली नाही म्हणून ताजी असं नसतं, त्यातला रंग ठेवून ठेवूनही उतरतो.

त्यामुळे दुकानात गेल्यावर बघायचं ते असं. डबा सीलबंद पाहिजे, सुट्या पाऊचमधल्या दहा-वीस मोजून देतो म्हणाला तर हात जोडा. ज्या दुकानात माल खपतो तिथून घ्या, मी जळगावला गोलाणी मार्केटला गेलो की घेऊन येतो, कारण गावातल्या स्टेशनरीवाल्याकडे तोच डबा काचेच्या शोकेसमध्ये तीन उन्हाळे खाऊन बसलेला असतो. शोकेसला ऊन लागत असेल तर फुकट दिला तरी नको. डब्यावर कुठल्या देशात बनली ते बघा. व्हर्बेटिमच्या डीव्हीडीत अझो (हे डेटा भाजायच्या रंगाच्या एका जातीचं नाव) लिहिलेली जात आणि साधी स्वस्त जात असा फरक असतो, नाव एकच, दाम वेगळे, तर अझोवाली मागा.

आणि एकदम शंभरचा डबा उचलू नका. दहाचा घ्या, घरी नेऊन तपासा, पास झाला तर दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून त्याच लॉटचे पाहिजे तेवढे उचला. मी पन्नासचा न तपासता घेतला होता, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

घरी आल्यावर डोळ्यांनी तपासा

डिस्क कडेने आणि मधल्या भोकाने धरा, बोट खाली लावायचं नाही. खिडकीशी जाऊन तिरपी करून उजेडात फिरवा. रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. कडेला ढगासारखा पट्टा, पाण्याच्या थेंबासारखा डाग, बारीक बुडबुडा, गोंदाचा ओघळ, यातलं काही दिसलं तर ती बाजूला. मग ती दिव्यापुढे आरपार धरा, सुईच्या टोकाएवढी भोकं चमकली तर समजायचं चकाकीचा थर नीट बसला नाही.

माझ्याकडे त्या २०१२ च्या डब्यातली एक अजून आहे, पोरांना दाखवायला ठेवलीय. नुसती बघितली तर जांभळी, चकचकीत, एकदम नवीन. ट्यूबलाइटखाली तिरपी केली की कडेच्या बोटभर पट्ट्यात रंग फिका होत गेलेला दिसतो, पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की दिसतं ना तसं. घेताना दहा सेकंद बघितलं असतं तर मावशींची पिशवी माझ्या टेबलावर आली नसती.

सीडी आरमध्ये रंगावरून थोडा अंदाज येतो. गडद निळी ती अझो, फिकट सोनेरी किंवा अगदी पुसट हिरवट ती थॅलोसायनिन, आणि निळसर हिरवी ती सायनिन. यातली सायनिन उजेडाला सगळ्यात कच्ची, पहिल्या दोन टिकाऊ. डीव्हीडीत मात्र सगळ्याच जांभळट दिसतात, तिथे रंगावरून काही सांगणारा फेकतोय असं समजा. काळ्या, लाल अशा रंगीत प्लॅस्टिकच्या डिस्क तर नुसती फॅशन. ब्लू-रे घेत असाल तर डब्यावर एलटीएच लिहिलंय का बघा, असेल तर ती डीव्हीडीसारखी रंगावर चालणारी, ठेवणीतल्या कामाला एलटीएच न लिहिलेली घ्या.

मग कॉम्प्युटरला विचारा

प्रत्येक कोऱ्या डिस्कमध्ये कारखान्यातच एक कोड कोरलेला असतो, त्याला मीडिया कोड म्हणतात, आणि ड्राइव्ह तो वाचूनच लेझर किती जोरात मारायचं ते ठरवतं. इमग्बर्न नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जुनं आहे पण अजून चालतं. इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट दाबत सुटू नका, सोबत नको ते सामान घुसायला बघतं, प्रत्येक पानावरची खूण वाचून काढा. कोरी डिस्क टाकली की उजव्या बाजूला माहिती येते, त्यात डिस्क आयडी अशी ओळ असते. एमसीसी ने सुरू होणारा कोड दिसला तर मित्सुबिशीच्या जातीचा, टीवायजी किंवा युडेन दिसलं तर ताइयो युडेनचा, सीएमसी मॅग म्हणजे सीएमसी, रायटेक म्हणजे रायटेक, एमबीआय म्हणजे मोझर बेअर. डब्यावर भलतंच भारी नाव आणि आत भलताच कोड असं दिसलं की हसू येतं आधी, मग राग.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण काही कारखाने दुसऱ्याचा चांगला कोड चोरून छापतात. कोड म्हणजे आधार कार्डाची झेरॉक्स समजा, माणूस समोर बघितल्याशिवाय खात्री नाही. कोड एका वहीत लिहून ठेवा मात्र, तारीख, दुकान आणि कोड. पुढच्या वेळी तोच डबा घेतला आणि कोड बदललेला निघाला तर कळतं की आत माल बदललाय, डबा तोच ठेवून.

पहिली डिस्क राइट मारा आणि तिला छळा

दहातली एक डिस्क परीक्षेला बळी द्यायची. पूर्ण काठोकाठ भरा, म्हणजे कडेपर्यंत जाईल, कारण दुखणं कडेला असतं. अर्धी भरून पास झाली म्हणणं म्हणजे पोरगा पोहतो का ते विहिरीच्या पायरीवर बसून बघणं.

वेग किती ठेवायचा? १६ एक्सची डीव्हीडी ८ एक्सला मारा. १६ ला सहाएक मिनिटं लागतात, ८ ला आठ-नऊ, म्हणजे दोन-तीन मिनिटांसाठी आपण पोरीच्या बिदाईचा सट्टा लावतो. सीडी असेल तर ५२ एक्स लिहिलेलं असलं तरी १६ किंवा २४ ला मारा. आणि काही जण उलट्या टोकाला जातात, सगळ्यात कमी म्हणजे सगळ्यात चांगलं म्हणून १ एक्सला मारायला बघतात, तेही चूक, आजच्या डिस्कचा रंग वेगासाठी बनवलेला असतो, फार सावकाश भाजला तरी बिघडतो. भाकरीचं गणित आहे, तवा धगधगता नको अन् गारही नको.

राइट मारताना व्हेरिफायची खूण करा, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासलं जातं. आणि फायनलाइज करा, म्हणजे डिस्क बंद करा, नाहीतर तुमच्या कॉम्प्युटरवर चालते आणि पाहुण्यांच्या प्लेअरवर नो डिस्क. राइट चालू असताना त्याच कॉम्प्युटरवर दुसरं जड काम नको. लॅपटॉपला यूएसबीचं बाहेरचं ड्राइव्ह लावत असाल तर थेट लॅपटॉपला लावा, चार गोष्टी लटकवलेल्या हबला नको, वीज कमी पडली की डिस्क वाया. आपल्याकडे लाइटीचा भरवसा नसतो ते वेगळं सांगायला नको, डेस्कटॉप असेल तर यूपीएस पाहिजेच.

व्हेरिफाय पास झालं तरी ते ज्या ड्राइव्हने लिहिलं त्यानेच वाचलंय, आपलंच अक्षर आपल्याला लागतंच. म्हणून ती डिस्क दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये टाका आणि सगळी फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका लयीत गेली पाहिजे, ९० टक्क्यांनंतर रखडायला लागली, ड्राइव्ह घर्र घर्र करून वेग कमी करायला लागलं तर कड खराब. मग घरातल्या सगळ्यात रडक्या जुन्या प्लेअरमध्ये टाकून थेट शेवटचा सीन लावा. आमच्याकडे असा एक प्लेअर आहे, तो कोणाचंच ऐकत नाही, त्याने पास केली तर मी गिऱ्हाइकाला डोळे मिटून देतो.

अजून खोलात जायचं असेल तर नीरो डिस्कस्पीडसारखं सॉफ्टवेअर स्कॅन करून आलेख काढतं, लाइट-ऑनच्या ड्राइव्हवर हे चांगलं चालतं, सगळ्या ड्राइव्हवर नाही. त्यात वाचताना येणाऱ्या चुकांचे आकडे दिसतात, डीव्हीडीत पीआय एरर २८० च्या आत आणि पीआयएफ ४ च्या आत पाहिजे, सीडीत सी-२ शून्य पाहिजे. पण आकड्यांपेक्षा आलेखाचा आकार बघा, सपाट शेत असेल तर छान, शेवटी सातपुड्यासारखा चढ असेल तर ती जात घेऊ नका.

एक विसरू नका, दोष कधीकधी डिस्कचा नसतो. खान्देशातली धूळ आणि दहा वर्षं जुनं ड्राइव्ह, चांगली डिस्कसुद्धा फेल करतं. दोन वेगळ्या चांगल्या जातीच्या डिस्क फेल गेल्या तर दुकानदाराशी भांडण्याआधी ड्राइव्ह बदलून बघा.

खऱ्या कामाला मात्र काठोकाठ भरू नका. साध्या डीव्हीडीवर मी ४ जीबीच्या वर जात नाही, कडेचा पट्टा रिकामाच सोडतो. बिदाई आत येते.

लिहायचं कशाने, ठेवायचं कुठे

सगळ्यांना वाटतं खालची चकचकीत बाजू नाजूक. सीडीत उलटं असतं, डेटा वरच्या छापाच्या बाजूलाच, पातळशा लाखेखाली असतो, खाली १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक. खालचा ओरखडा एकवेळ निघेल, वर बॉलपेनने जोरात नाव लिहिलं तर गेली. डीव्हीडीत दोन पातळ चकत्यांच्या मध्ये डेटा असतो म्हणून ती वरून मजबूत, पण तिला वाकवू नका, डबीतून काढताना मधलं बटण दाबा आणि मग उचला. पाण्याच्या शाईचा सीडी मार्कर घ्या, नाहीतर मधल्या पारदर्शक गोलावर लिहा. गोल स्टिकर चिकटवू नका, दिसतात छान, पण फिरताना तोल जातो आणि गोंद उन्हाळ्यात वितळतो.

आणि ऊन. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ च्या पुढे जातो, डिस्कला २३ च्या आतलं तापमान आणि हवेतला दमटपणा ५० टक्क्यांच्या आत असलेला आवडतो. आता एवढा एसी कोण लावणार, पण निदान पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट, पत्र्याची खोली आणि गाडीचा डॅशबोर्ड या तीन जागा टाळा. कूलरसमोरचं टीव्हीचं शोकेसही टाळा, गार वाटतं पण तिथे दिवसभर ओली हवा मारते. धाब्याचं घर अजून ज्यांच्याकडे आहे त्यांची मजा, आतल्या खोलीचा मातीचा कोनाडा यासाठी भारी, पावसाळ्यात ओल येत नसेल तर. कडक डबीत, उभी ठेवा, पुस्तकासारखी. पाऊच एकावर एक रचून वर इस्त्रीचे कपडे, असं नको.

जन्मभर टिकवायचं असेल तर एम-डिस्क नावाची जात येते, तिच्यात कच्च्या रंगाऐवजी दगडासारखा टणक थर असतो, तिला चालणारं ड्राइव्ह लागतं आणि दाम बरेच जास्त. कंपनी हजार वर्षांच्या गोष्टी करायची, आपल्याला नातवंडांपर्यंत पुरलं तरी बास. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी दोन वेगळ्या कारखान्यांच्या दोन डिस्क मारायच्या, एक माहेरी एक सासरी, आणि तिसरी कॉपी हार्ड डिस्कवर.

मी गिऱ्हाइकाला डिस्क देताना आत एक चिठ्ठी टाकतो, दरवर्षी आखाजीच्या आठ दिवस आधी ही लावून शेवटची दहा मिनिटं बघा, जरा जरी अटकली तर लगेच घेऊन या, अजून वाचते तोवर नवीन काढून देतो. त्या मावशींच्या पोरीची बिदाई माझ्या हार्ड डिस्कवर होती म्हणून वाचली, आठ एक्सला मारून फुकट दिली, आणि परवा त्यांचा जावई नातवाच्या जावळाचं शूटिंग सांगायला आला तेव्हा मी विचारलंच, बिदाई चालते ना? हाव म्हणे, पण सासूबाई आता लावूच देत नाहीत, रडायला येतं म्हणतात.